ठकीचे प्रश्न

त्या बाईचं वागणं मला पहिल्या भेटीतच खटकलं असं म्हणायची सोय नाही, कारण भेट झालीच नव्हती. मी तिला आधी नुसती ऐकली. माझ्याच स्वयंपाकघरात बसून ती मला प्रश्न विचारत होती, आणि त्या स्वयंपाकघरात तिने तोवर पाऊलसुद्धा टाकलेलं नव्हतं. याला काय म्हणायचं ते शिकलेल्यांनी ठरवावं. मी चौथीत शाळा सोडली, मला याला एकच शब्द येतो आणि तो चारचौघांत बोलण्यासारखा नाही.

माझी नात ठकी एका पॉडकास्टच्या कंपनीत कामाला आहे. पॉडकास्ट म्हणजे रेडिओच, फक्त फोनवर आणि हवा तेव्हा. ठकीचं शाळेतलं नाव चांगलं मोठं आहे, पण घरात ती ठकीच. कंपनीने तिला घेतलं तेव्हा सगळ्यांचा एक फोटो काढला आणि तो दारासमोरच्या भिंतीवर लावला. खाली लिहिलं, ‘इथे सगळ्यांचे आवाज ऐकू येतात.’ फोटोत ठकी मधोमध. बाकीचे सगळे एकाच दुकानातून आणल्यासारखे गोरेगोमटे, इस्त्रीतले, आणि मधे आमची सावळी. मी फोटो पाहून म्हटलं, “मधे का उभं केलं गं तुला? तू तर सगळ्यांत नवी.” ती म्हणाली, “आजी, तू फार खोड काढतेस.” मी गप्प बसले. माझं तेवढंच चुकलं.

एका रविवारी ती नवा माइक घेऊन घरी आली. खिडकीवर रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून माझं चांगलं पांघरूण टांगलं, घरघर नको म्हणून फ्रिज बंद केला आणि मला टेबलाशी बसवून म्हणाली, “आजी, आईची ट्रॉलीची गोष्ट सांग.”

“शंभरदा ऐकलीस की.”

“मी ऐकलीय. माइकने नाही.”

गोष्ट अशी. मी उभा जन्म एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत काढला. तळघरात. तिथे चादरींना इस्त्री करायचं एक लांबलचक मशीन होतं. एका बाजूने दोघींनी ओली चादर घालायची, दुसऱ्या बाजूने दोघींनी तापलेली झेलायची आणि टोकाला टोक जुळवून घडी घालायची. माझी लेक तेव्हा रांगतसुद्धा नव्हती. नवरा जहाजावर, घरात दुसरं कोणी नाही. मग मी तिला बरोबर न्यायची आणि धुतलेल्या टॉवेलांच्या ट्रॉलीत झोपवायची. ऊब मिळायची तिला. सुपरवायझरीण आली की वरून एक चादर पसरायची आणि आम्ही चौघी मोठमोठ्याने खोकायचो. एक दिवस मी झेलणीवर असताना एका नव्या गड्याने ती ट्रॉली ढकलत लिफ्टमध्ये घातली आणि वर नेली. मी वळून पाहते तर ट्रॉली जागेवर नाही. जिन्याने धावत सुटले. प्रत्येक मजल्यावर खोल्यांच्या दारांतून डोकावत, पाहुण्यांच्या शिव्या खात. शेवटी एका खोलीत सापडली. तिथल्या म्हाताऱ्या पाहुणीने अंग पुसायला टॉवेल उचलला आणि खाली हे गाठोडं. मी पोचले तेव्हा ती बाई पलंगावर बसून लेकीला मांडीवर जोजवत होती. लेक ढाराढूर.

हे सांगताना ठकी मधे मधे विचारत होती. आई रडली नाही का गं? तू सुपरवायझरणीला काय सांगितलंस? तुला त्या नव्या गड्याचा राग नाही आला? आणि शेवटी तिने विचारलं, “आजी, तू काम का नाही सोडलंस?” हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मग जे बोलले ते इथे लिहीत नाही. नातीला सांगितलं, तेवढं पुरे.

फ्रिज पुन्हा चालू करायचं दोघी विसरलो. दुसऱ्या दिवशी दूध नासलं. त्यावरून मी तिला दोन दिवस बोलत होते.

“ऑफिसात ऐकवू का?” तिने विचारलं.

“ऐकव. पण सांग, माझी आजी आहे म्हणून.”

नंतर काही दिवसांनी खालच्या शिलाईवालीकडे माझा झगा आखूड करायला टाकला होता, तो आणायला गेले. ती मशीन चालवताना फोनवर काहीबाही ऐकत असते. मला पाहून तिने पाय थांबवला. “अगं, ही तूच ना? सकाळपासून दोनदा ऐकलं. अंगावर काटा आला बघ. आणि या बाईशी तुझी एवढी सलगी कधीपासून?”

“कुठल्या बाईशी?”

तिने फोन माझ्या कानाशी धरला. आवाज माझा. “अगं, तुला काय सांगू,” मी म्हणत होते. मग एका बाईचा आवाज आला, साखरेच्या पाकात घोळवलेला. “आणि बाळ रडलं नाही?” त्यावर मी हसून म्हणत होते, “तुझी आई कसली रडते! तुझ्यासारखीच घुमी.”

मी खुर्चीत बसले. पूर्ण ऐकलं. ठकीचे सगळे प्रश्न होते, ‘आई’चं ‘बाळ’ केलेलं सोडलं तर तेच, त्याच ठिकाणी. ठकी कुठेच नव्हती. आणि तो शेवटचा प्रश्न, काम का नाही सोडलंस, तोही त्या बाईने विचारला. वर एक सुस्कारा टाकला. तो सुस्कारा ठकीने टाकला नव्हता. ठकी तेव्हा माझा हात धरून बसली होती, पण हात काही ऐकू येत नाही.

संध्याकाळी ठकी आली तशी तिला उभं केलं. “तुझा आवाज कुणी काढला?”

तिने पायातले बूटसुद्धा काढले नव्हते. म्हणाली, “मीच.”

“तू?”

“एडिटिंग माझ्याकडे असतं ना. आमच्या मॅडम, कार्यक्रम त्याच सांगतात, त्या म्हणाल्या, तुझा आवाज छान आहे, पण ऐकणाऱ्याला लगेच कळतं तू कुठली ते. लोकांचं लक्ष जातं. म्हणून प्रश्न त्यांनी स्टुडिओत पुन्हा म्हटले, मी माझे कापले आणि त्यांचे बसवले. सगळीकडे असंच करतात आजी.”

“आणि ते ‘तुझी आई’?”

ठकी खाली बघून बूट काढायला लागली. “राहून गेलं.”

हिच्या हातून काही राहून जात नाही. लहानपणी भातातला खडासुद्धा राहू द्यायची नाही. पण मी पुढे विचारलं नाही.

तिची आई, म्हणजे माझी लेक, बस चालवते. ती ड्यूटीवरून आली, तिलाही ऐकवलं. ती म्हणाली, “छान. एवढ्या वयात मला एक शिकलेली मुलगी झाली, मला कुणी कळवलंच नाही.” आणि जेवायला बसली. पण जेवली नाही नीट.

एवढ्यावर राहिलं असतं तर मी पोटात घातलं असतं. पण ऐकणाऱ्यांनी त्या बाईला लिहायला सुरुवात केली. शिलाईवाली मला वाचून दाखवायची. ‘तुमच्या आईचं बालपण ऐकून डोळे भरून आले.’ ‘लाँड्रीतल्या आजीची नात आज इथवर पोचली!’ आता एखादीने काय केलं असतं? लिहिलं असतं, बाबांनो, गैरसमज झाला, ती माझी आजी नव्हे. या बाईने काय लिहिलं? दोन हात जोडलेलं चित्र, आणि ‘मुळं विसरायची नसतात.’

कसली मुळं! ठकीने सांगितलं ते मला ठाऊक आहे. बापाचं वर्तमानपत्र, मामा टीव्हीत, नवरा जाहिरातीच्या धंद्यात. तिची आई लहानपणी टॉवेलांत झोपली असेलच तर आंघोळ झाल्यावर, दाईने पुसून.

मी त्या ऑफिसात जायला निघाले होते. ठकीने दाराला पाठ लावली. “आजी, नको. मॅडम नवीन मालिका सुरू करतायत. लाँड्री, हॉस्पिटलं, बसडेपो, तिथल्या बायकांच्या गोष्टी. माझी कल्पना आहे, आणि मालिका मला द्यायचं त्यांनी कबूल केलंय. तुझा दुसरा भाग झाला की लगेच. त्या स्वतः घरी येणार आहेत. तेवढा वेळ जीभ आवर. माझ्यासाठी.”

“तुझ्या आवाजात असणार?”

“माझ्या आवाजात.”

मग मी शब्द दिला. शब्द देणं मला जड जातं, कारण मी तो पाळते.

बाई आली. फुलं घेऊन आली, उंची अत्तर लावून आली आणि दारातच मला मिठी मारून म्हणाली, “आजी, कशी आहेस तू?”

माझ्या जावयाने मला पहिल्या दिवसापासून आजवर कधी ‘तू’ म्हटलेलं नाही. मी म्हटलं, “बरी आहे. या, बसा.”

तिने घरभर नजर फिरवली. तिचा जरा हिरमोड झालेला दिसला. “मला वाटलं होतं तू हाताने धूत असशील. पाण्याचा, धोपटण्याचा आवाज मिळाला असता. मशीन आहे वाटतं?”

“आहे. हप्त्यावर नाही, रोख घेतलंय.”

ठकीने माझ्या पायाला टेबलाखालून पाय लावला. ठकी फ्रिज बंद करायला उठली तर बाई म्हणाली, “राहू दे गं, घरघर असू दे. खरं वाटतं.” माझी लेक त्या दिवशी पाळी बदलून घरी थांबली होती. ड्रायव्हरच्या गणवेशातच दाराला टेकून उभी होती. बाईने तिच्याकडे पाहून मान हलवली, जशी रस्त्यात कुणालाही हलवतात तशी.

मी म्हटलं, “ही ती. ट्रॉलीतली.”

“ओह!” बाई हसली. “तुमच्यामुळे तर मला एवढं प्रेम मिळालं!”

लेक म्हणाली, “हो ना. गाठोड्यात मी आणि प्रेम तुम्हाला.”

बाईला ते विनोदी वाटलं. तिने ठकीला सांगितलं, हे लिहून ठेव, वापरता येईल. मग कागद काढला आणि म्हणाली, “आपण असं करू. मी विचारेन, आजी सांगेल. आणि ते ‘तुझी आई’ मागच्या वेळी चुकून राहिलं ना, ते लोकांना फार आवडलं. आज एकदोनदा तसं मुद्दाम म्हण हं आजी.”

मी ठकीकडे पाहिलं. तिने हेडफोन चढवले होते, नजर यंत्रावर. दिलेला शब्द मी दातांखाली धरून ठेवला आणि शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं, “आणि हिची मालिका? ती हिच्याच आवाजात ना?”

“हिचीच!” बाई म्हणाली. “कल्पना हिची, माणसं हिने आणायची, सगळं हिचं. सांगणारी मी असेन, कारण लोकांना ओळखीचा आवाज लागतो. शेवटी हिचं नाव घेऊच की. अगं, हिचा खरा गुण कुठला माहितीये? हिच्याशी लोक बोलतात. आमच्याशी नाही बोलत गं ती. घाबरतात.”

फ्रिज घरघरत होता. ठकीने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

“तुम्ही म्हणाला होतात, सांगणारी मी असेन,” ती म्हणाली.

“म्हटलं होतं, राणी. करणारच आहे. पुढे कधीतरी. अजून तुझा आवाज तयार व्हायचाय. आपल्याकडे सगळ्यांना जागा आहे, तुला माहितीये. भिंतीवर तूच आहेस.”

ठकीने यंत्राचं बटण दाबून ते बंद केलं. सावकाश. माइकची वायर काढली, हाताभोवती गुंडाळली. ती रडेल असं मला वाटलं, पण आमच्यात ते नाही. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “आजी, तुझा शब्द सुटला. बोल आता.”

बाई एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. मी खुर्ची पुढे ओढली.

“बाई, नीट ऐका. रेकॉर्डिंग बंद आहे, तेव्हा हे तुम्हाला पुन्हा म्हणून घेता यायचं नाही. मी जे बोलले ते या पोरीने विचारलं म्हणून बोलले. तुम्ही विचारलं असतंत तर मी तुम्हाला त्या हॉटेलचा रस्तासुद्धा सांगितला नसता. तुम्हाला आमची गोष्ट हवी, आमची आई हवी, फ्रिजची घरघरदेखील हवी. नको आहे ती फक्त विचारणारी. तुम्हाला वाटतं लोक तुम्हाला घाबरतात म्हणून बोलत नाहीत. कोण घाबरतंय तुम्हाला! तुम्ही ऐकत नाही म्हणून बोलत नाहीत. लोक तुम्हाला मोठ्या मनाची म्हणतात, मी म्हणते, तुम्ही उचलेगिरी करता, आणि ती करताना हातसुद्धा जोडता. आजच्या आज सगळ्यांना सांगा, ती आजी तुमची नाही आणि ते प्रश्नही तुमचे नाहीत, आणि माझा आवाज तिथून काढा. परत हवा असेल तर ही माइकसमोर बसेल आणि तुम्ही काचेच्या मागे बसून बटणं दाबाल. शिकवेल ती तुम्हाला. तिच्यात धीर आहे. माझ्यात नाही, म्हणून आता उठा.”