मुबारकबीचा कायम मुक्काम

मुबारकबीला सरकारकडून एकच गोष्ट हवी होती. मरेपर्यंत आपल्या गावात राहू द्यावं. अडचण एवढीच होती, की गावाच्या हिशेबी तिला मरून वीस-बावीस वर्षं झाली होती.

दोष द्यायचा तर एका शब्दाला द्यायला हवा. पन्नास साली ती नवऱ्यामागं कराचीला गेली. पाकिस्तानचं नुसतं नाव काढलं तरी माणसं वळून बघायची, असे ते दिवस. तिचा भाऊ रज्जाक मुळातच भित्रा. चावडीवर कुणीतरी सहज विचारलं, "मुबारक कुठं दिसत न्हाई रं?" तर हा गडी खाली मान घालून एवढंच म्हणाला, "गेली."

आता आपल्याकडं मान खाली घालून कुणी 'गेली' म्हटलं, तर ऐकणाऱ्यानं दुसरं काय समजायचं? दिवेलागणीच्या आत बायका पदर तोंडाला लावून दारात हजर. आईला रडू येतच होतं. लेक खरोखरच दुरावली होती. तिनं कुणाला थांबवलं नाही. रज्जाकच्या तोंडाला तर कुलूपच लागलं. लोकांनी आपसात ठरवून टाकलं, की पोर सासरीच खपली आणि माती तिकडंच झाली. पुढं आईनं कब्रस्तानात कडुलिंबाखाली मुबारकची ओढणी पुरली, वर हातभर मातीचा उंचवटा केला आणि दर गुरुवारी तिथं ऊद जाळून ती एकच मागणं मागू लागली: "माझ्या पोरीला घरी आण."

तिची पोर काही आली नाही. पण तिच्याशेजारी बसून रडणाऱ्या एका माळ्याच्या बाईची लेक मात्र आली. सासरच्यांनी कोंडून घातलेली, अचानक एका दुपारी पायरीवर उभी. मग काय! ज्या ज्या आईची लेक माहेराला मुकली होती, ती ती त्या लिंबाखाली येऊन बसायला लागली. मराठ्यांच्या, माळ्यांच्या, मुसलमानांच्या, सगळ्यांच्याच बायका. हिरव्या बांगड्या वाहायच्या, थडग्यावर हात ठेवायचा आणि लेकीचं नाव घ्यायचं. त्या जागेला 'मांसाहेबांचं थान' म्हणायला लागले. थडगं तिळातिळानं वाढतंय, असंही बायका म्हणायच्या. रज्जाक हसायचा. पण त्यानं एक टोपलीही माती टाकली नव्हती, आणि हातभराचा उंचवटा आता पुऱ्या बाईएवढा झाला होता. पुढं पुढं तो हसायचा बंद झाला.

सत्तर साली नवरा वारल्यावर मुबारकबी परतली. मूल ना बाळ, कराचीतली भाड्याची खोलीही गेलेली. हातात पाकिस्तानी पासपोर्ट आणि तीन महिन्यांचा व्हिसा. आई तोवर जगात राहिली नव्हती. रज्जाकनं गावात सांगितलं, कराचीची चुलत बहीण आलीय.

गाव काही दुधखुळं नव्हतं. शेजारची आक्काबाई, जिनं लहानपणी मुबारकच्या वेण्या घातल्या होत्या, ती पहिल्याच दिवशी उंबऱ्याशी आली. तिनं तोंडाकडं पाहिलं आणि मग डोळे हळूच खाली नेले. पाय सरळ आहेत की उलटे, ते बघून घेतलं. पाणवठ्यावरच्या प्रत्येक बाईनं तेच केलं. पण ब्र कुणी काढला नाही. सगळ्यांनी तिचं नाव 'कराचीवाली' पाडलं आणि विषय तिथंच गाडला. सगळ्यांना तेच सोयीचं होतं.

मधे लढाई झाली. श्रीरामपूरच्या ठाण्यात हजेऱ्या देऊन देऊन मुबारकबीच्या चपला झिजल्या. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, प्रवरेचं पात्र पार वाळूचं झालं असताना, नगरहून निरोप आला: आता मुदत वाढवून मिळणार नाही. कायम राहण्यासाठी अर्ज करा. ही बाई इथंच जन्मलेली मुबारक आहे, असं गावातल्या दोन जुन्या माणसांनी फौजदारासमोर सांगावं. नाहीतर सरहद्दीपलीकडं रवानगी.

रज्जाक पोलीस पाटलाकडं गेला. कारभारी पाटील भला माणूस, पण त्यानंही हात झटकले.

"माझी बायको तिथं नवस बोलली हुती, रज्जाक. आमची राही घरी आली ती त्या थानामुळं. तुझी भन जित्ती हाय म्हनून सांगितलं, तर नवस कुनाला पावला म्हनायचा? आक्काबाई बोलली तर मी बोलंन."

मुबारकबी आक्काबाईला शोधत गेली. ती थानापाशीच होती, थडग्यावरचा पाला झाडत. आपल्या नावाचं थडगं मुबारकबीनं इतक्या जवळून प्रथमच पाहिलं. नको वाटत असूनही तिनं नजरेनं मापलं. डोक्यापासून टाचेपर्यंत बरोबर तिच्याएवढं होतं.

"आक्का, मला वळखतीस ना तू?"

"वळखते की, पोरी." आक्काबाईनं मान वर केली नाही. "पन माझी लंका? सा वर्सं त्यांनी तिला धाडली न्हाई. मी हितं डोकं आपटलं तवा आली. तू कराचीत भाकऱ्या थापत हुतीस, तर तिला कुनी आनलं?"

आता खोटं बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. राहायचं असेल तर बोलायलाच हवं.

"मीच आनलं," मुबारकबी म्हणाली.

आक्काबाई ताडकन उभी राहिली. "मग सांग. कशी आली हुती माझी लंका?"

मुबारकबीनं तोंडाला येईल ते सांगून वेळ मारून न्यायची ठरवली. थडग्याला हात टेकून ती बोलू लागली. "एकाच पायात व्हान हुती. दुसऱ्याला चिंधी बांधली हुती, लुगड्याच्या काठाची. कडंवर पोर झोपल्यालं. त्याच्या मुठीत उसाचं कांडं हुतं, ते झोपंतबी त्यानं सोडलं न्हाई."

आक्काबाईच्या तोंडचं पाणी पळालं. पण तिच्याहून जास्त मुबारकबी घाबरली. हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. कराचीत गुरुवार आला की तिला ताप भरायचा. डोक्यावर कुणाकुणाचे हात पडल्यासारखं वाटायचं, कानात अनोळखी पोरींची नावं यायची. डॉक्टर हिवताप म्हणायचा आणि ती मुकाट्यानं कडू गोळ्या गिळायची. त्या तापातच ही लंका तिला दिसली होती, धुळीच्या रस्त्यानं लंगडत येताना. आपण आपल्या स्वतःच्या उरलोच नाही, असं तिला त्या क्षणी वाटलं, आणि स्वतःचीच भीती वाटली.

पुढच्या आठवड्यात फौजदार आला. चावडीत टेबल मांडलं, पायऱ्यांवर बायका दाटल्या. आक्काबाईनं छातीठोकपणे सांगितलं, "हीच मुबारक. आमच्याच गावची." कारभारी पाटलानंही री ओढली. फौजदार खूश झाला, कारण अंधार पडायच्या आत त्याला नगर गाठायचं होतं.

"आता शेवटचं," तो म्हणाला. "बाई, पन्नास सालानंतर मधल्या काळात कधी इथं आला होतात? विनापरवाना आला असाल तर अर्ज इथंच संपला. नीट आठवून सांगा."

पायरीवरच्या एकेका बाईचे डोळे मुबारकबीवर खिळले. नाही म्हणावं, तर आक्काबाई तिथल्या तिथं उठणार आणि साक्ष मागं घेणार, कारण मग लंकेला आणणारी ही नव्हे. हो म्हणावं, तर सरकार उचलून सरहद्दीवर नेऊन टाकणार. कोपऱ्यात रज्जाक खाली मान घालून बसला होता. त्याच्याकडं बघून तिला त्याचा राग आला आणि त्याच रागात उत्तरही सापडलं.

"मी गेले होते, साहेब," ती म्हणाली.

फौजदारानं मान डोलावली. म्हणजे कराचीतच होती, मधे आली नाही. त्यानं तसं लिहून घेतलं. पायऱ्यांवरच्या बायकांनी मात्र एकदम पदर डोक्यावर ओढले. त्यांनी ऐकायचं ते ऐकलं होतं, आणि तेही खुद्द तिच्या तोंडून.

"काम झालं म्हणून समजा. कायम राहायला मिळेल तुम्हाला," फौजदार उठता उठता म्हणाला.

मुबारकबीला आनंदानं रडू फुटलं. किती वर्षांनी आपल्या गावात आपल्या नावानं उभी होती ती! डोळे पुसत ती पायऱ्या उतरली, तर बायका बाजूला सरल्या. तिची सावलीसुद्धा अंगावर पडू नये अशा सरल्या. कुणी तिला मिठी मारली नाही, कुणी 'मुबारक' म्हटलं नाही. आक्काबाई पुढं आली आणि भर रस्त्यात तिच्या पायांवर डोकं ठेवून पडली.

"आक्का, ऊठ गं. अगं, मी हाय, मी."

"मांसाहेब," आक्काबाई मातीतूनच म्हणाली, "लंकेला आनलंत. आता माझ्या धाकट्या मालनला आना. कोपरगावकडं दिलीया. चार वर्सं झाली, तोंड दिसलं न्हाई तिचं."

तिनं वर केलेला हात मुबारकबीच्या पायाला लागला आणि भर उन्हात मुबारकबीला हुडहुडी भरली. मालनला तिनं कधी पाहिलं नव्हतं. तरी ती दिसली. हिरवं लुगडं, मोकळे केस. दोन्ही ओलेचिंब, आणि ती हलत नव्हती.

"आक्का," तिनं कसंबसं विचारलं, "मालनच्या घराजवळ हीर हाय का?"

"हाय की!" आक्काबाईचा चेहरा उजळला. "लई मोठी हीर. एवढ्या दुस्काळातबी पानी आटलं न्हाई म्हनं. का हो, मांसाहेब?"