बढतीचा सामना

अलोऱ्याच्या वसाहतीत फुटबॉल आणला तो कुट्टी नावाच्या केरळी फोरमनने. कोयनेच्या कामासाठी कुठकुठची माणसं तिथे येऊन राहिली होती. कुट्टीने त्यांतून संघ उभा केला, पण अकरा जण भरेनात, म्हणून त्याने शेजारच्या वाडीतला केरू उचलला. केरू तेव्हा दहावीला एकदा बसून नापास झालेला. हुतूतूत चपळ होता, पण अंगाने किरकोळ. कुट्टीने त्याला मधल्या जागेवर उभा केला आणि सांगितलं, मागून आलेला चेंडू घ्यायचा आणि पुढच्याला द्यायचा, बस्स. त्या जागेला लिंकमन म्हणतात हे केरूला नंतर कळलं.

त्याचा बाप भागोजी वसाहतीत माळीकाम करायचा. काम आटोपलं की मैदानाच्या कडेला बसून बघायचा. खेळ त्याला कळत नव्हता. "हा निस्ता दुसऱ्याला देतो," असं तो घरी येऊन बायकोला, सखूला, सांगायचा. यात तक्रार होती की कौतुक, हे सखूला कधी समजलं नाही. भागोजीला दम्याचा त्रास होता, तरी सामना असेल त्या दिवशी तो चढ चढून येई.

एका सव्वीस जानेवारीला चिपळूणचे राजाभाऊ अलोऱ्यात पाहुणे म्हणून आले होते. मुंबईला भांडुपच्या एका पिंपं बनवणाऱ्या कारखान्यात ते लेबर ऑफिसर होते आणि कारखान्याचा फुटबॉल संघही तेच सांभाळत. संघ मुंबई लीगच्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे सगळ्यात खाली. केरूचा खेळ बघून ते सरळ भागोजीच्या घरी गेले, पडवीत बसून चहा प्यायले आणि म्हणाले, पोराला माझ्याकडे द्या, हेल्पर म्हणून लावतो. भागोजीने हात जोडले. वाडीतली बहुतेक पोरं मुंबईला जातच होती, पण साहेब घरी येऊन घेऊन गेला तो केरूच पहिला.

हे ऐंशी सालचं. सकाळी रंगखात्यात पिंपांना रंग मारायचा, दुपारनंतर सराव. राहायला लालबागेत गावकीची, म्हणजे गावच्या माणसांनी मिळून घेतलेली, खोली होती. तिथे गावी शेजारच्या घरातला बाबू होता, तो माझगावच्या गोदीत लागलेला. बाबू वयाने मोठा आणि सरळ माणूस. केरूच्या घामेजल्या जर्सीचा वास खोलीभर पसरायचा, त्यावरून इतर जण कुरकुरले की बाबू त्यांना गप्प करायचा. पण केरूचा एकही सामना त्याने कधी पाहिला नव्हता. गोदीतून सुटायला त्याला वेळच होत नसे.

तिसऱ्या डिव्हिजनचा खेळ कोण बघतो? कडेला दोन-चार रिकामटेकडे, चणेवाला आणि समोरच्या संघाचे शिव्या देणारे दोस्त. वर्तमानपत्रात निकालाची एक ओळ आली तर आली, त्यात नाव गोल करणाऱ्याचं. केरूचं नाव कधी छापून आलं नाही. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. पुढच्या माणसाच्या पावलासमोर चेंडू नेमका पडला की त्याच्या जिवाला जी शांतता वाटे, ती त्याला दुसऱ्या कशात मिळत नसे. दरम्यान गावी त्याचं लग्न झालं. बायको मैना सासूसासऱ्यांकडेच राहिली. केरू गणपतीला आणि शिमग्याला घरी जायचा. नोकरी मात्र अजून हंगामीच होती. संघ वर चढला की कायम करतो, असं राजाभाऊंनी सांगून ठेवलं होतं. त्यांच्यावरही मालकाच्या मुलाचा दाब होता. त्याला दुसऱ्या डिव्हिजनमध्ये संघ हवा होता.

त्र्याऐंशीच्या ऑगस्टात तो सामना आला. वांद्र्याच्या मैदानावर, दुपारी. जिंकले तर बढती, बरोबरी झाली तर पुन्हा वर्षभर खाली.

भागोजी त्याच पहाटे गेला. वसाहतीच्या ऑफिसातून कुणीतरी मुंबईला फोन लावला, खोलीखालच्या दुकानात निरोप मिळाला आणि बाबू तसाच कामावर खाडा टाकून निघाला. आधी भांडुपला गेला, तिथून कळलं म्हणून वांद्र्याला. पोचला तेव्हा सामना सुरू व्हायला अजून अवकाश होता. खेळाडू तंबूत कपडे बदलत होते. तंबूच्या तोंडाशी राजाभाऊ उभे होते. बाबूने त्यांनाच सांगितलं.

राजाभाऊंनी त्याला बाजूला घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, हे केरूही पुढे कायम म्हणत आला. त्यांनी बाबूला समजावलं की आता एस.टी.ने निघालात तरी रात्र होणारच. त्यापेक्षा सामना होऊ दे, मग कारखान्याची जीप देतो, मी स्वतः बरोबर येतो, एस.टी.पेक्षा आधी पोचाल. गेलेला माणूस तर परत येणार नाही. बाबूला ते पटलं की साहेबापुढे बोलवेना, हे त्याचं त्यालाच ठाऊक. तो कडेला छत्री घेऊन उभा राहिला.

मैदानात उतरताना केरूने त्याला पाहिलं. हात वर केला. बाबूनेही केला.

मैदानात चिखल होता, जागोजाग पाणी साचलेलं. सरपटता पास दिला की चेंडू मध्येच रुतायचा. समोरचा संघ सरावाप्रमाणे जमिनीवरून खेळत राहिला आणि अडकत राहिला. केरूचं सगळं शिक्षण असल्याच चिखलात झालेलं. त्याने चेंडू उचलून द्यायला सुरुवात केली, साचलेल्या पाण्यावरून, दोघांच्या डोक्यावरून, आणि तो बरोबर पुढच्याच्या छातीवर उतरायचा. मध्यंतरापर्यंत गोल झालेला नव्हता, पण समोरच्यांचे पाय जड झालेले दिसत होते. मध्यंतरात केरू पाणी पीत उभा होता, बाबू पन्नासेक पावलांवर. केरूने एकदा तिकडे बघितलं. जाऊन बोलावं असं त्याच्या मनात आलं, आणि तो गेला नाही.

दुसऱ्या अर्ध्यात दोन गोल झाले, दोन्ही त्याच्या पासवर. दुसऱ्या वेळी त्याने तीन माणसं अंगावर ओढून घेतली आणि न बघता चेंडू डावीकडे टाकला. तिथे केरूच्या संघाचा फॉरवर्ड एकटाच होता. कडेच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. शिट्टी झाली तेव्हा पोरांनी केरूला खांद्यावर घेतलं. चिखलाने माखलेला केरू त्यांच्या हातून सुटून हसत हसत बाबूकडे धावला.

"बघितलास?" त्याने विचारलं.

बाबूने मान हलवली. "बघितला. केरू, तुझा बापूस गेला रे."

जीप मिळाली. राजाभाऊ बोलल्याप्रमाणे स्वतः आले आणि ड्रायव्हरशेजारी बसले, केरू आणि बाबू मागे. महाडला सावित्रीचं पाणी रस्त्यावर आलेलं, गाड्यांची रांग लागलेली. मुंबईहून दुपारी सुटलेल्या गाड्या पार गेल्या, असं तिथला हॉटेलवाला सांगत होता. रस्ता बंद झाला तो तिन्हीसांजेनंतर. पाणी ओसरेस्तोवर उजाडलं.

घरी पोचले तेव्हा दुपार झाली होती. भागोजीला आदला दिवस आणि रात्रभर ठेवला होता. सकाळी वाडीतल्या जाणत्यांनी आता थांबता येत नाही असं सांगितलं, आणि केरूच्या धाकट्या भावाने, धोंडूने, अग्नी दिला. सखू पडवीत बसली होती. केरू तिच्यासमोर जाऊन बसला. ती म्हणाली, "रातभर दार उघडं ठेवलंवतं. गाडी वाजली की मैना बाहेर जायची." मग तिची नजर राजाभाऊंकडे गेली, आणि साहेबांना चहा कर, असं तिने मैनेला सांगितलं. राजाभाऊंनी तो चहा घेतला. मग नमस्कार करून गेले.

निरोप सकाळीच गेला होता, मग एवढा उशीर का, असं सखूने दुसऱ्या दिवशी विचारलं. केरूने महाडच्या पाण्याचं सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण बाबूला ते जड झालं. तेराव्याच्या आत त्याने धोंडूला सगळं सांगून टाकलं.

धोंडूने भावाला शेताच्या बांधावर गाठलं. केरूने सांगितलं की मला माहीत नव्हतं, सामना संपल्यावर कळलं.

"माहीत नव्हतं," धोंडू म्हणाला. "दादा, बाबू एवढ्या वर्षांत कधी तुझा खेळ बघायला आलावता? कामाच्या दिवशी, खाडा टाकून? तुला काय वाटलं, तो कशाला उभा हाय?"

मध्यंतरात आपण बाबूकडे का गेलो नाही, हे केरूने त्या क्षणापर्यंत स्वतःलाही विचारलं नव्हतं.

राजाभाऊंनी शब्द पाळला. केरू कायम झाला. तो कागद नाकारावा असं त्याच्या मनात आलं होतं, पण मैनेला दिवस गेले होते आणि धोंडूला अजून काम नव्हतं. त्याने सही केली. गावात जो तो म्हणाला, चांगलं झालं.

दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळ जलद होता, पण केरूचं घोडं अडलं ते वेगापायी नाही. चेंडू पायात आला की त्याची नजर आधी कडेला जायची. कोण उभं आहे, ओळखीचं आहे का, कुणी हात करतंय का. तेवढ्यात चेंडू गेलेला असायचा. राजाभाऊ त्याला कधी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटे. पुढच्या वर्षी तो बहुतेक बाकावरच बसला. मग गुडघा सुजायला लागला. पंच्याऐंशीत संघ परत खाली आला. मालकाच्या मुलाचं मन दुसरीकडे वळलं आणि संघ मोडला. केरू पूर्ण वेळ रंगखात्यात गेला, आणि सत्त्याऐंशीत कारखाना गुजरातेत हलला तेव्हा मिळाला तो हिशेब घेऊन गावी आला.

धोंडू तोवर वेगळा झाला होता. भांडण असं झालं नाही. भिंत घालून त्याने चूल वेगळी केली एवढंच. भागोजीच्या श्राद्धाचं पान तोच ठेवी, आणि केरू तिथे पाहुण्यासारखा जेवून येई. सखू केरूकडे राहायची. तिला खरं कळलं होतं की नाही, हे तिने कधी दाखवलं नाही. केरू लोट्याच्या एका केमिकल कंपनीत वॉचमन लागला. अलोऱ्याची वसाहत अर्धी रिकामी झाली होती, कुट्टी केव्हाच केरळात गेला होता. मैदानाकडे केरू फिरकला नाही.

एकोणनव्वदच्या दिवाळीआधी चिपळूणच्या स्टँडवर त्याला राजाभाऊ दिसले. निवृत्त होऊन चिपळुणातच राहत होते. अंगाने उतरले होते, हातात काठी आली होती. केरू उठून उभा राहिला. त्यांनी त्याला खाली बसवलं आणि शेजारी बसले. मुलं किती, आई कशी आहे, असं विचारून झालं.

मग ते म्हणाले, "केरू, त्या दिवशी तंबूत सांगितलं असतं, तर तू खेळला असतास का रे?"

गुहागरची गाडी लागली, माणसं चढली, गाडी निघून गेली.

"म्हायत नाय, साहेब," केरू म्हणाला. "पण तसा खेळ माझा परत कधी झाला नाय. तो आठवायचा म्हटला तर बापूस पण आठवतो. मग दोन्ही सोडून देतो."

राजाभाऊंनी मान खाली घातली. तोवर लोट्याची गाडी आली होती आणि केरूची पाळी सुरू व्हायची होती. त्याने त्यांना नमस्कार केला, दुखरा गुडघा जपत पायरी चढला आणि खिडकीजवळ जागा होती तिथे बसला. गाडी पुलावर आली तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले होते.