बंद झालेलं मॉडेल

मी शहापूरच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो, ज्या वस्तूला स्क्रू नाही, ती बनवणाऱ्याची नियत मला साफ वाटत नाही. पोरं हसतात. बायको म्हणते, तुम्ही दुकानात गेलात की भांडण विकत घेऊन येता. असेल. पण बिघडलेली वस्तू उघडता आली पाहिजे, एवढा साधा नियम कारखानदारांना का नसावा, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

माझी आई ताराबाई ही आमच्या वैशाखरे गावची धवलारीण. गावात मांडव पडला की लग्नाची गाणी, म्हणजे धवले, तिनेच म्हणायचे, त्याशिवाय हळद लागत नाही. एक ओळ आईने म्हणायची, ती संपता संपता पुढची तिच्या जोडीच्या काशीमावशीने उचलायची, की पुन्हा आई. कान गेले तेव्हा आईने हे सोडलं होतं. मग मी कल्याणहून कानाचं यंत्र आणलं आणि ती परत मांडवात बसू लागली. यंत्र नसलं तर तिला ओरडलेलंही कळत नाही, सगळं खुणांनी सांगावं लागतं.

माझ्या मनालीचं लग्न ठरलं तेव्हा आईने आधीच बजावलं होतं, "नातीचं धवलं मीच बोलनार. दुसरी कोन आनायची नाय." आणि हळद आठवड्यावर आली असताना यंत्र बंद पडलं.

कल्याणच्या दुकानातल्या बाईंनी ते हातात घेऊन पाहिलं. "सर, हे मॉडेल बंद झालं. पार्ट येत नाहीत. नवीन घ्या."

"कधी मिळेल?"

"तपासणी, मग ऑर्डर. पंधरावीस दिवस तरी."

फार गोड बोलत होत्या. अशा माणसाशी भांडताही येत नाही.

वर्कशॉपमध्ये मी ब्लेडने यंत्राची सांध उकलली. आत सगळीकडे गोंद ओतून घट्ट केलेला. तार दिसेना, जोड दिसेना. दुरुस्ती शिकवून पोट भरणारा मी, आणि आईच्या यंत्रात मला हात घालायलाच जागा नव्हती. रडू आलं, खोटं कशाला सांगू?

आईला खुणेने सांगितलं. तिने हात झटकला. "काशीच्या तोंडाकडं बघून बोलीन."

हळदीला दोघी समोरासमोर बसल्या. पहिली ओळ आईने खणखणीत म्हटली. पण काशीमावशीच्या तोंडात एकही दात नाही. ओळ संपली तरी तिचे ओठ हलतच राहतात. आई वाट बघत थांबली. पुढच्या खेपेला तिने घाई केली, तर मावशीची ओळ अजून अर्धीच होती. दोघींचे शब्द एकमेकींवर पडले. मागच्या पोरी तोंडाला ओढणी लावून हसल्या आणि आईने ते पाहिलं. काशीमावशीने गाणं थांबवलं. तिने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आईने मान खाली घातली. मग माझ्याकडे बघून मोठ्याने विचारलं, "माजा आवाज गेला काय रे?"

मी धावत जाऊन तिच्या कानाला तोंड लावलं आणि जीव खाऊन ओरडलो, "नाय गो आये! आवाज चांगला हाय तुजा!"

अख्ख्या मांडवाने ऐकलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग हळूच उठून घरात गेली.