कॉम्प्युटरला काय झालंय?

माझे मोठे दीर रितेश मुंबईला मोबाईलची कव्हरं विकतात, म्हणून आमच्या घरात कॉम्प्युटरचे तज्ज्ञ तेच. मी महाडच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेय, पण ती पदवी पडली सुनेची. लग्न जमवताना बायोडाटात ती शोभली. पुढे तिचं काय करायचं, हे आमच्या तुडीलच्या घरात कुणाला सुचलं नाही.

कॉम्प्युटर मात्र माझा. पुण्यातल्या एका कंपनीचं काम मी घरून करते. हॉस्पिटलची बिलं विम्याच्या नियमांशी ताडून बघायची, चुका काढायच्या. लोकांच्या चुका काढायला मला मनापासून आवडतं, त्यामुळे कामात जीव रमला होता. महाडपासून पोलादपूरपर्यंत हिंडून नोकरी मिळाली नव्हती. मिळत होतं ते कारखान्यात ड्रमांना लेबलं चिकटवायचं काम, तेही ओळख काढली तर. म्हणून ही नोकरी मला हवी होती, आणि ती अजून पक्की झालेली नव्हती.

ऐन मे महिन्यात कॉम्प्युटरचं नेट जायला लागलं. राउटरचे दिवे लागलेले, घरातल्या सगळ्या फोनवर रील्स जोरात चालू, आणि कंपनीच्या नियमाप्रमाणे वायरने जोडलेल्या माझ्या मशीनवर तेवढी लाल फुली. मध्येच फुली जायची, मध्येच यायची. कधी तर काम चालू असताना मशीन आपलं आपणच बंद पडून पुन्हा सुरू व्हायचं.

पुण्याची सुपरवायझर अंकिता म्हणाली, "स्नेहल, तुझं काम चांगलंय गं, पण शिफ्टमध्ये सारखी गायब होतेस. परत असं झालं तर मला तुझं लॉगिन बंद करावं लागेल."

मी नवऱ्याला सांगितलं. भरत बिरवाडीजवळच्या एका कारखान्यात बॉयलरवर असतो. दिवसभर मीटरचे काटे बघून आलेला माणूस, पण माझ्या टेबलाकडे त्याने मान वळवली नाही. "दादाला इचार," म्हणाला.

दादाला विचारायची आमच्याकडे रीतच आहे. म्हैस आटली तरी घाटकोपरला फोन जातो. भावोजी व्हिडिओ कॉलवर आले, मागे कव्हरांची भिंत.

"पहिलं रीस्टार्ट मार."

"मारला."

"मग कॅशे क्लिअर कर."

"नेटच तुटतंय भावोजी, त्यात कॅशेचा काय संबंध?"

"अगं सिस्टीम हेवी होते. मोबाईलचं पण सेमच हाय." मोबाईलचं पण सेमच हाय, इथे त्यांची विद्या संपते. तरी त्यांनी जाता जाता सांगितलं, "अँटिव्हायरस टाक. गावाला व्हायरस लय." जसा काही तो सावित्रीच्या पाण्यातून येतो. मग लगेच त्यांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न आला. "अंगण कसं दिसतंय? दाखव जरा."

अंगणाचं सांगायलाच हवं. देवीच्या पालखीला आले तेव्हा भावोजींनी अंगणात लाल-करडे पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. त्यांच्या सोसायटीच्या कंपाउंडमध्ये तसेच आहेत म्हणे. दाराजवळची जुनी तुळस गाडी वळवायला आड येते म्हणून फोडली, आणि टाइल लावलेली नवी तुळस पार गेटाशी बसवली. तेव्हापासून घरात सगळे त्या ब्लॉकांना जपतात. मच्छी सुकत घालायची नाही, डाग पडतात. मिरच्या कांडायच्या नाहीत, टवका उडतो. गाडी भावोजींकडे नाही, ती घ्यायची आहे.

अँटिव्हायरसने काही झालं नाही, तेव्हा भरतने महाडहून विपुलला आणलं. एसटी स्टँडजवळ त्याचं रिपेरिंगचं दुकान आहे. त्याने ब्लोअरने धूळ उडवली, रॅम काढून खोडरबराने घासली, आणि नेटची वायर लागते ते कार्ड बदललं.

"पोर्ट उडालाय, मॅडम."

"का उडाला?"

"उडतात."

आमचा गावातला डॉक्टर असाच आहे. ताप का आला ते सांगत नाही, सलाईन लावतो. नवं कार्ड जेमतेम आठवडा टिकलं. विपुल पुन्हा आला, "लॉट खराब असेल" म्हणाला, आणखी एक कार्ड बसवलं, आणि करण्यासारखं दुसरं काही सुचेना म्हणून विंडोज फॉरमॅट मारून गेला. माझं सगळं सेटिंग पुसलं गेलं. फुली दुसऱ्या दिवशी हजर.

शेवटी कॉम्प्युटरचं पत्र्याचं कॅबिनेट मीच उघडायला घेतलं. अनवाणी होते. पत्र्याला कोपर लागलं आणि हातात झिणझिण्या आल्या. चप्पल घालून हात लावला तर काही नाही. भरतचा टेस्टर आणून पत्र्यावर टेकवला, तर आतला दिवा लागला.

मग मात्र मला स्वतःचाच राग आला, कारण हे पहिल्या दिवशी बघायला हवं होतं. कॉम्प्युटरच्या पत्र्यावर थोडी वीज झिरपतेच. प्लगच्या तिसऱ्या, जाड पिनेतून ती अर्थिंगच्या तारेने जमिनीत जाते, म्हणून आपल्याला कळत नाही. जमिनीत गेली नाही तर ती पत्र्यावर साचते, वाट शोधते, आणि नाजूक पोर्ट जाळते. म्हणजे आमची तार जमिनीला पोचत नव्हती. मीटरपासून निघालेली हिरवी तार मी भिंतीवरून शोधत बाहेर आले. ती जोत्याशी उतरून भावोजींच्या पेव्हर ब्लॉकखाली गेली होती. बरोबर जुन्या तुळशीच्या जागी.

घराची वायरिंग सासऱ्यांच्या हयातीत झाली होती. त्या वायरमनने अर्थिंगची पट्टी मुद्दाम तुळशीच्या बुडाशी पुरली असणार, कारण तुळशीला रोज पाणी पडतं आणि मे महिन्यातही तिथली माती ओली राहते. आता पाणी गेटाशी जात होतं, इथे ब्लॉकखाली कोरडी खडी होती. खणताना तारही तोडली असेल, कोण बघतंय.

मी भरतला म्हटलं, ब्लॉक उचकटायचे. त्याचा चेहरा पडला.

"दादाला इचारल्याबिगर?"

पुन्हा घाटकोपर. भावोजी पोट धरून हसले. "पागल झाली काय? तुळशीचा आणि इंटरनेटचा काय संबंध? वायरलेसचा जमाना हाय. ब्लॉकला हात लावायचा नाय, सांगून ठेवतो."

भरतने फोन खिशात टाकला. "गणपतीला दादा येल, तेव्हा बघू."

गणपतीपर्यंत माझी नोकरी राहणार होती काय? मला त्या दोघा भावांची किळस आली. एकाला काही कळत नाही, आणि दुसऱ्याला कळतं तरी तो पहिल्याला विचारतो. निदान याच्या डोळ्यांना दाखवावं म्हणून मी टेस्टर घेऊन घरभर फिरले. सगळ्या तिसऱ्या पिना आतून एकाच तारेला जोडलेल्या असतात. फ्रिजच्या दाराच्या कडीवर टेकवला, तर दिवा ठळक लागला. माझ्या कॉम्प्युटरची वीज जमीन सापडेना म्हणून फ्रिजवर येत होती.

"बघ," मी भरतला म्हटलं. तेवढ्यात सासूबाई फ्रिजमधलं दूध घ्यायला आल्या. त्यांनी पदराची घडी केली, ती हाताला गुंडाळली, आणि कडी ओढली. दूध घेऊन दार कोपराने न लोटता तीच घडी लावून बंद केलं. सवयीने, न बघता.

"आई, पदराने का उघडता?"

"चटका बसतो गो."

"कधीपासून?"

"अंगण केलं तवापासून. पाय ओलं असलं का लय बसतो. एकदा टोपच पडला हातातून."

"सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तुमी समदी त्या कॉम्प्युटरच्या मागं. मला वाटलं, वय झालं, मुंग्या येत असतील."

कॉम्प्युटरसाठी व्हिडिओ कॉल झाले, महाडहून माणूस आला, कार्डावर कार्ड बदललं. या बाईला रोज वीज लागत होती आणि आम्ही तिच्यासमोर उभं राहून लाल फुलीबद्दल बोंबलत होतो. त्यात बीएस्सी झालेली मीही होते. भावोजींइतकीच मला माझी शरम वाटली.

भरत तसाच मीटरकडे गेला. मेन स्विच पाडून त्याने पडवीतली पहार आणली. त्याला नेमकी जागा सापडेना, तेव्हा आईंनी पायाने दाखवली, "हितं होती तुळस." ब्लॉक उचकटले, तर तार खरंच तुटली होती. ती जोडली, खडी बाजूला करून माती भरली, वर कळशीभर पाणी ओतलं. मेन चालू केल्यावर टेस्टर कुठेच लागला नाही. आईंनी उघड्या हाताने फ्रिज उघडला, बंद केला, आणि पुन्हा एकदा उघडून बघितला.

तिसरं कार्ड विपुलने मुकाट्याने बसवून दिलं. त्यानंतर फुली आली नाही. महिनाअखेरीस अंकिताने कळवलं की मी पक्की झाले.

त्याच संध्याकाळी भावोजींचा व्हिडिओ कॉल आला. अंगणातली उचकटलेली जागा दिसताच त्यांनी आरडाओरडा सुरू केला. फोन आईंच्या हातात होता.

"चटका बसत होता रे मला," आई म्हणाल्या. "रोज. तुझं अंगण झाल्यापासनं."

"अरे बापरे," भावोजी म्हणाले. "पण कॉम्प्युटर चालू झाला ना?"

आईंनी फोन माझ्यापुढे धरला. "घे गो. कॉम्प्युटरचं इचारतोय."