यादी उपटा, हापसा नको!

मित्रांनो, मी मलावीतल्या शिरे नदीकाठच्या एका गावातला जुना हापसा आहे, आणि मोडीत निघालेलो नाही!

फिनलंडच्या मदतीतून मला इथं बसवलं. त्यांचा तंत्रज्ञ यूहानी महिनाभर गावात राहिला, बायकांच्या हातचा एनसिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, जेवला आणि गावातल्याच एस्नार्टबाईला माझा सांधा न् सांधा शिकवून गेला.

वीस वर्षं मी पाणी दिलं. पुढे फिनलंडची योजना संपली. माझ्या पोटातला वायसर झिजला. तसा दुसरा देशभरात कुठे मिळेना. मी कोरडा पडलो. बायका पुन्हा नदीवर जाऊ लागल्या. तिथं मगरीने एस्नार्टबाईच्या बहिणीचा, लिनेसचा, डावा हात नेला. तेव्हा मला माझ्या लोखंडाची लाज वाटली.

मग युरोपातल्या अनेक देशांच्या एकत्रित योजनेचे साहेब आले. सगळीकडे एकाच जातीचे हापसे, म्हणजे सुटे भाग प्रत्येक बाजारात मिळणार. खरंच चांगलं होतं ते. पण नवा हापसा बसणार होता दीड कोसावर, सडकेला; तेवढं चालणं न झेपून बायका नदीवरच जाणार. आणि मी जुन्या जातीचा म्हणून मला उपटणार होते.

एस्नार्टबाई मला पाठ टेकून बसली.

"उठा बाई, नियम सगळ्यांना सारखा."

"नियम सारखा, पण नदी सारखी आहे का? तुमच्या सडकेवर मगर येत नाही, साहेब!"

बायका खदखदून हसल्या. लिनेस येऊन बहिणीशेजारी बसली.

"अहो, हा जुन्या योजनेतला. याचे भाग आणू कुठून?"

"तुमचेच भाग याच्या पोटात बसवा. मी बसवते."

"तसं यादीत नाही."

"मग यादी उपटा, हापसा नको!"

तीन दिवस बायका पाळीपाळीने बसल्या. चौथ्या दिवशी साहेब सुट्या भागांचं खोकं घेऊन आले, तोंड पाडूनच. एस्नार्टबाईने यूहानीने शिकवलं तसं माप घेतलं, घासलं, बसवलं. लिनेसने उरल्या हाताने दांडा दाबला. कितीतरी वेळ नुसती हवा. साहेब घड्याळ बघू लागले. आणि गढूळ, गार पाणी त्यांच्या बुटांवर पडलं!

मित्रांनो, मदत एका देशाची असो वा दहांची मिळून, आधी पाणी भरणाऱ्यांना विचारा. दांडा हिसडू नका, वेळेवर वंगण द्या. आणि न विचारता कुणी उपटायला आलंच, तर जागचे हलू नका.