अडतीस वेळा भरलेली बॅटरी

ताईची कुठलीही वस्तू बघावी, तर कालच दुकानातून आणल्यासारखी. तिचा आणि धाकट्या बहिणीचा लॅपटॉप एकाच दिवशी घेतलेला. धाकटीच्या लॅपटॉपची पार रया गेली होती, ताईचा मात्र नवा कोरा. दवाखान्यांचे तपासणी अहवाल टाइप करायचं काम ती घरूनच करायची, अंथरुणाला खिळलेल्या आईजवळ बसून. पलंगाच्या पायथ्याशी दुलईवर लॅपटॉप, आणि बॅटरी झिजायला नको म्हणून चार्जर चार वर्षं अखंड लावलेला.

एका सकाळी पाहुणे आले म्हणून तिने वायर काढून लॅपटॉप आतल्या खोलीत नेला. पडद्यावर शंभर टक्के होते. टेबलावर ठेवेपर्यंत सत्तर झाले आणि दुसरी ओळ लिहिताना पडदा काळा.

किरकोळ काहीतरी असेल, असं मनाला बजावत ती कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवालीकडे गेली. त्या बाईने वायर जोडून आतली नोंद वाचली.

"नवी असताना शंभर मावत होतं असं धरा. आता एकेचाळीसच मावतं."

"शक्यच नाही! मी बॅटरीवर कधी चालवलाच नाही."

"दिसतंय ना. चार वर्षांत जेमतेम अडतीस वेळा भरलीये. तुमच्या धाकट्या बहिणीचा मागे माझ्याकडेच आला होता, तिची पाचशे वेळा भरून झाली, तरी अठ्ठ्याहत्तर शिल्लक आहेत."

"पण मी तर इतकं जपलं..."

"वापरून झिजते, तशी नुसती ठेवूनही म्हातारी होते, ताई. त्यात कायम काठोकाठ भरलेली आणि वर गरम दुलई. मग काय व्हायचं!"

बोलता बोलता तिने शेवटचा स्क्रू काढला आणि खालचं झाकण आपोआप वर उचललं गेलं. आतली चपटी बॅटरी उशीसारखी टम्म फुगली होती. दुरुस्तीवालीने चटकन हात मागे घेतला.

"हा ठेवता कुठे तुम्ही?"

"आईच्या... पायाशी."

"थोडक्यात वाचलात. अशी बॅटरी कशाने टोचली गेली तर पेट घेते."

घरी कशी पोचली, ते ताईला कळलं नाही. आई जागीच होती.

"आणलास का गं तो? पाय गार पडलेत माझे. महिनाभर काय छान ऊब लागत होती त्याची."

ताई पलंगाच्या पायथ्याशी बसली. "महिनाभर? आणि मला बोलली नाहीस?"

"मला वाटलं, माझ्यासाठीच ठेवतेस."

ताईने दोन्ही हातांत आईचे पाय धरले. ते ऊब धरेपर्यंत ती चोळत राहिली. बऱ्याच वेळाने तिने धाकटीला फोन लावला.

"नवी बॅटरी येईपर्यंत तुझा लॅपटॉप दे मला."

"माझा? तो खटारा?" धाकटी हसली.

"हो, तोच," ताई म्हणाली, आणि तिला एकदम रडू कोसळलं.