योगेंद्रच्या मुगवड्या

नमिताच्या बॅगेवर नमिता सोडून साऱ्या सिंदी मेघे गावाचा हक्क होता. सुट्टी संपवून दुसऱ्या दिवशी तिला जर्मनीला परत निघायचं होतं. हॉलच्या मधोमध बॅग आ वासून पडली होती आणि सकाळपासून येणारा प्रत्येक जण तिच्यात काहीतरी कोंबून जात होता. ज्यांची ज्यांची पोरं जर्मनीत शिकत होती त्या सगळ्यांना वाटे की जर्मनी म्हणजे आपलं केळझर. देवळापाशी उभं राहून हाक मारली की सारे गोळा होतील.

"हा कोट कशाला बॅगेत? अंगावर घाल," तिची आई सुधा म्हणाली आणि कोट बाहेर काढून तिथे कुणाच्या तरी लोणच्याची बरणी बसवली.

"एक अंगावर घालणारच आहे. हा दुसरा आहे."

"मग दोन्ही घाल. विमानात थंडीच असते."

श्रीधर सर, म्हणजे नमिताचे वडील, हातातल्या वजनकाट्याला बॅग लटकवून बघत होते. शाळेत गणित शिकवणारा माणूस, पण आज काटा लाल रेघेपुढे गेला तरी "अजून बसते" म्हणत होता. नमिताची दोन जाड पुस्तकं सोफ्यावर गेली, बूट सोफ्यावर गेले.

"लोकं इतक्या विश्वासानं आणून देतात. नाही कसं म्हणायचं?" सर म्हणाले.

"तोंडानं म्हणायचं," नमिता म्हणाली. राग तिच्या नाकावरच बसलेला होता.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, तशी त्याच वेळी वडनेरहून रुख्मिणीकाकू आली. बस बदलत, उन्हातून, हातात ही भलीमोठी पिशवी. तिचा मुलगा योगेंद्र हा सरांचा आवडता विद्यार्थी. सरांनीच भरीस घालून त्याला जर्मनीला पाठवला होता आणि शाळेत त्याचं नाव घेताना आजही त्यांची छाती फुगायची.

"मांगच्या वेळी लय आवडल्या म्हणे त्याले," काकूनं पिशवी बॅगेशेजारी ठेवली. "म्हून यंदा दुप्पट केल्या मुगवड्या. दाय वाटू वाटू हात भरून आले बाई माहे."

नमितानं त्या पिशवीकडे पाहिलं आणि तिचं डोकं फिरलं. कारण मागच्या वेळचं खरं काय ते तिलाच ठाऊक होतं.

योगेंद्र राहायचा स्टुटगार्टला, ती माग्डेबुर्गला. वर्ध्याहून नाशिक गाठावं इतकं ते लांब. भर जानेवारीत, परीक्षेच्या तोंडावर, ती ते पार्सल घेऊन रेल्वेनं गेली होती. स्टेशनवर तो आलाच नाही. बऱ्याच वेळानं फोन उचलून म्हणाला, "काम आहे. तूच ठेव त्या वड्या. माझ्या रूमवाल्यांना वास चालत नाही. आईला सांग, आवडल्या." ती संतापानं रडत परत आली होती. घरी फोनवर सांगितलं, तर बाबा म्हणाले, "सांगून टाक ना आवडल्या म्हणून. माउलीला बरं वाटेल. आपलं काय जातं?"

तिनं सांगून टाकलं. पण काकू तेवढ्यावर थोडीच थांबणार! कसा दिसते? वाळला का? एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लागतो. थोडा भरलाय अंगानं, नमिता म्हणाली होती, दाढी ठेवली आहे, शोभते. योगेंद्रच्या फोनचा कॅमेरा दीड वर्षापासून बिघडलेला होता, म्हणजे तो तसं सांगायचा. त्यामुळे काकूनं पोराची ती दाढी साऱ्या वडनेरला सांगितली होती.

"काकू, मी हे नेणार नाही," नमिता म्हणाली.

"नमू!" सुधा ओरडली. "काय बोलून राहिली आहेस? ही जीन्स काढते मी बाहेर. बसते बरोबर."

"नाही बसत! आणि बसलं तरी नेणार नाही. काकू, त्यानं एक वडी खाल्ली नाही. तो स्टेशनवर आलाच नाही. मी त्याला पाहिलंसुद्धा नाही. ना तेव्हा, ना नंतर."

काकू बघतच राहिली. सरांनी काटा खाली ठेवला.

"पाह्यलं नाई? अन् मंग दाढी?"

"खोटं होतं ते."

"मी त्या दाढीवाल्याले रोज डोयापुढं आणतो व बाई!" काकूचा आवाज फाटला. "त्याचं तोंड मले दिसत नाई म्हून तुह्या बोलण्यावर जगून राह्यली मी. सर, तुमाले मालूम होतं?"

सरांनी सोफ्यावरची पुस्तकं नीट रचायला घेतली. त्यावरून काकूला कळायचं ते कळलं. तिनं पिशवी उचलली, दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यातून गर्रकन वळली.

"अन् वड्या? त्या कोनं खाल्ल्या?"

"मी."

"माह्या पोराच्या नावाच्या वड्या तू खाल्ल्या! काऊन? तुले कोनं सांगतलं होतं?"

"भूक लागली होती म्हणून!" नमिता किंचाळली. "माझं पार्ट-टाइम काम सुटलं होतं, खोलीत दुसरं काही नव्हतं. महिनाभर त्याच वड्या शिजवल्या आणि भाताशी खाल्ल्या. झालं समाधान?"

सुधाच्या हातातली जीन्स तशीच राहिली.

"खोलीत काही नव्हतं? तू तर म्हणायचीस कॅन्टीनमध्ये गरम जेवण मिळतं. मी रोज विचारत होती तुला."

"रोज विचारत होतीस म्हणूनच रोज सांगत होती!"

"नमू, हळू," सर म्हणाले.

"हळू काय, बाबा? तुम्हीच शिकवलं ना? सांगून टाक, त्यांना बरं वाटेल, आपलं काय जातं! टाकलं सांगून. तुम्हालाही बरं वाटलं की नाही?"

उंबऱ्यातली काकू काही निवळली नव्हती. तिचा चेहरा रागानं तसाच तापलेला होता. पण आता ती नमिताकडे नाही, सुधाकडे बघत होती.

"सुधाबाई," ती म्हणाली, "तुमची बी माह्या पोरासारखीच निघाली."

महिनाभर घरात वावरत असलेल्या पोरीची मनगटं किती बारीक झाली आहेत, हे सुधाला आत्ता कुठे दिसत होतं. तिनं हात पुढे केला, तेव्हा नमितानं आपला हात झटक्यानं मागे घेतला.